दुसरी बाजू, तिसरं गाणं

"हे तुम्ही लिहिलंत?"

समोरच्या बाईने साप्ताहिक टेबलावर उघडून ठेवले आणि उजव्या पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर बोट टेकवले. बोटाला खडूची पूड होती. शब्दकोड्याच्या शेजारी, जाड काळ्या चौकटीत, कंपनीच्या गाण्यांच्या नव्या तबकडीची जाहिरात होती.

"हो, मीच," जाहिरात विभागातली टाचणी म्हणाली. तिने सवयीने तक्रारींची वही ओढली. "तबकडी पोचली नाही का?"

"पोचली. दोन पोचल्या. बाबांनी कूपन दोनदा पाठवलं." बाई अजून उभीच होती. "मला एवढंच सांगा, माझ्या वडिलांना तुम्ही कुठे भेटलात?"

टाचणीने वही मिटली. आपण कोणाच्याही वडिलांना भेटलो नाही, असे ती म्हणाली. त्यावर बाईने साप्ताहिक उचलले आणि वर्गात धडा वाचावा तसा मजकूर मोठ्याने वाचला. ती शाळेत भूगोल शिकवत होती, हे नंतर कळले.

"'चार वाजता तुम्ही खिडकी उघडता. तिला वारा हवा असायचा म्हणून. समोरची खुर्ची तुम्ही अजून हलवलेली नाही. बुटाची नाडी बांधताना तुम्ही एक चाल गुणगुणता आणि मधल्या ओळीवर अडता, कारण ती ओळ ती म्हणायची. ती ओळ आमच्याकडे आहे. दुसरी बाजू, तिसरं गाणं.'"

शेजारच्या टेबलावरचा चित्रकार कात्री हातात धरून ऐकत राहिला.

"आईला जाऊन तीन वर्षं झाली," शिक्षिका म्हणाली. "खिडकी चारलाच उघडतात. खुर्ची हलवू देत नाहीत. आणि नाडीचं तर मलाही माहीत नव्हतं. हे वाचल्यावर मी मुद्दाम सकाळी जाऊन बघितलं. अडतात. तिथेच अडतात."

"अहो, अशी माणसं पुष्कळ असतात," टाचणी म्हणाली. "म्हणून तर जाहिरात चालते."

"असतील. पण माझे वडील म्हणतात, तुझ्या आईने निरोप पाठवलाय. ते वेडे नाहीत. आयुष्यभर नाकासमोर चाललेला माणूस आहे. पुढच्या महिन्यात ते माझ्याकडे राहायला येणार होते, खोली रंगवून ठेवलीय मी. आता म्हणतात, दुसरा निरोप यायचाय, तो आल्याशिवाय हलणार नाही. खाली छापलंय ना तुम्ही, 'पुढच्या महिन्यात याच पानावर'?"

छापले होते. जाहिरात दोन भागांची होती.

"तुम्ही या आणि त्यांना तोंडावर सांगा, की हे सगळं तुम्ही मनानेच रचलंय. माझं ऐकत नाहीत ते."

टाचणीने पत्ता लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी दुपारी येते, असे म्हणाली.

कार्यालयात तिला सगळे टाचणी म्हणत. कोटाच्या कॉलरीला कायम पाच-सहा टाचण्या टोचलेल्या असत. मजकूर, चित्र, कूपन असे कागदाचे तुकडे ती पानावर टाचून बघे, लांबून बघे, पुन्हा काढी. एकोणीस वर्षे ती तबकड्या काढणाऱ्या या कंपनीच्या जाहिरात विभागात होती. तिचे खरे नाव कळायला नव्या माणसाला हजेरीपट बघावा लागे.

विभागाच्या साहेबांचे एकच तत्त्व होते. "गाणं हजारांसाठी असतं. जाहिरात एकासाठी असते." नाचाच्या गाण्यांची तबकडी असेल तर सिनेमाच्या मासिकात पूर्ण पान, चार रंग, तिरकी अक्षरे, मजकूर जवळजवळ नाहीच, कारण ते वय वाचत नाही, बघते. अंगाईगीतांची असेल तर बायकांच्या मासिकात, विणकामाच्या पानासमोर. आणि साठीच्या पुढच्यांसाठी साप्ताहिकात, शब्दकोड्याच्या शेजारी. कोडे सोडवणारा माणूस त्या पानावर अर्धा-पाऊण तास रेंगाळतो आणि त्याच्या हातात पेन्सिल असते. त्याच पेन्सिलीने तो कूपन भरतो. अक्षरे मोठी, रंग नाही. रंग दिसला की त्यांना वाटते, हे आपल्यासाठी नव्हे.

हे सगळे कोणालाही शिकता येण्यासारखे होते. टाचणीची गोष्ट वेगळी होती. ती आधी तबकडी ऐकायची. डोळे मिटून, एकदाच. मग पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर त्या माणसाबद्दल लिहायची, ज्याच्यासाठी हे गाणे आहे. कुठे राहतो, काय काम करतो, घरात कोण आहे, टेबलावर काय आहे. त्या कार्डातल्या चार-दोन गोष्टी जाहिरातीत जात, बाकीच्या तशाच राहत. कार्डे ती एका पत्र्याच्या पेटीत ठेवी.

घरी थोरली बहीण होती. तिचे कान दहा वर्षांपूर्वी गेले होते; ओठांवरून ती सगळे ओळखे आणि आपल्याला हवे तेवढेच ओळखे. "ही दुसऱ्यांच्या घरात राहते आणि आपल्या घरी जेवायला येते," असे ताई शेजारणीला सांगायची, टाचणीच्या देखत. ऐकू येत नसल्याने आवाज किती मोठा आहे हे तिला कळत नसे, की कळतही असेल.

शिक्षिका गेल्यावर टाचणीने पेटी उघडली. कार्ड वरच होते. तारीख जाहिरातीच्या आधीची, सहा आठवड्यांपूर्वीची. तिचेच अक्षर.

'वय चौऱ्याहत्तर. वीजमंडळात मीटर वाचायचे काम, आता निवृत्त. दुसरा मजला. एक मुलगी. टेबलाचा एक पाय आखूड, त्याखाली डब्याचे झाकण दुमडून ठेवले आहे. कपाटावर अर्धवट विणलेला निळा स्वेटर, सुया तशाच. दिव्याचे बटण दारापाशी नाही, कपाटाच्या मागे.'

यातले एकही वाक्य छापले गेले नव्हते. शिक्षिकेने वडिलांचे काम सांगितले नव्हते आणि टाचणीने विचारले नव्हते.

"बोलाफुलाला गाठ पडली," चित्रकार तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाला. "बघ उद्या, वडील निघतील पोस्टमन, आणि राहत असतील तळमजल्यावर."

टाचणी हसली. पण घरी जाऊन तिने ताईला यातले काही सांगितले नाही, आणि ताईनेही जेवताना तिच्या ओठांकडे बघणे टाळले.

घर दुसऱ्या मजल्यावर होते.

जिना चढतानाच तिला जाणवले, की आपण कठड्याला हात लावत नाही आहोत. कठडा वरच्या वळणावर सैल होता. तो सैल आहे हे तिने हलवून बघितले नव्हते.

शिक्षिकेने दार उघडले. आत पडदे ओढलेले होते, बाहेरच्या उन्हातून आल्यावर काही दिसेना. "थांबा हं, दिवा लावते," शिक्षिका म्हणाली, तोवर टाचणीचा हात उजवीकडे गेला होता. कपाट आणि भिंत यांच्यामधल्या चार बोटे फटीत, कोपरापर्यंत. दिवा लागला.

शिक्षिका तिच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा उतरला.

"हे बटण मलासुद्धा पहिल्यांदा सापडत नाही," ती हळूच म्हणाली.

खोलीत चौकोनी टेबल होते आणि त्याच्या एका पायाखाली डब्याचे झाकण होते, दुमडून चपटे केलेले. कपाटावर निळी लोकर, सुया आडव्या. दोन खुर्च्या. भिंतीजवळ रेकॉर्ड प्लेअर. तिच्या अंगावर काटा आला तो या वस्तू बघून नव्हे. या वस्तू बघताना तिला काहीच नवे वाटले नाही, म्हणून आला. आपल्या घरात शिरल्यावर माणूस इकडेतिकडे बघत नाही, तशी ती सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली होती.

म्हातारे आतून आले. उंच, किंचित वाकलेले, शर्टाची बटणे गळ्यापर्यंत लावलेली.

"बसा. त्या खुर्चीवर नाही, ह्या."

ती ह्या खुर्चीवर बसली. ते पलंगाच्या कडेवर बसले.

"बाबा, ह्यांनी लिहिलीय ती जाहिरात," शिक्षिका म्हणाली. "त्यांना काय सांगायचंय ते ऐका."

"मी हे मनानेच लिहिलं," टाचणी म्हणाली. रस्त्यात तिने हे वाक्य घोकले होते. "मला कोणी काही सांगितलं नव्हतं. तबकडी विकायची होती, म्हणून लिहिलं."

"असेल," म्हातारे म्हणाले. "आणि मन कुठून आणलंत?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचे होते.

"मी अडतीस वर्षं मीटर वाचले. रोज शंभरेक घरं. आपण मीटर बघायला जातो, माणसं बघायला नाही. पण दिसतात. हळूहळू असं व्हायला लागलं, की दार उघडायच्या आधीच मला कळायचं, ह्या घरात कोणी आजारी आहे, ह्या घरात आज भांडण झालंय. बायको म्हणायची, हे बोलू नकोस कुठे, लोक दारात उभं करणार नाहीत. मी नाही बोललो. तुम्ही छापता, एवढाच फरक."

बाहेर कुठल्यातरी घड्याळात चार वाजले. म्हातारे उठले, त्यांनी पडदा सारून खिडकी उघडली आणि रेकॉर्ड प्लेअरवर सुई ठेवली. दुसरी बाजू, तिसरे गाणे. गायिकेचा थकलेला, खालच्या पट्टीतला आवाज खोलीभर झाला. मधली ओळ आली तेव्हा त्यांचे ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. शिक्षिका खिडकीकडे तोंड करून उभी होती.

गाणे संपल्यावर त्यांनी विचारले, "पुढच्या जाहिरातीत काय आहे?"

"अजून लिहिलेली नाही," टाचणी म्हणाली.

ती लिहून झाली होती. साहेबांनी मान डोलावून मंजूर केली होती आणि दोन दिवसांपूर्वी छापखान्यात गेली होती. चित्रकाराने खोलीचे रेखाचित्र काढले होते, आणि खाली मजकूर होता: 'चार वाजले. खिडकी उघडी आहे. दोन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. टेबलावर अर्धा पेला पाणी. तबकडी फिरतेच आहे. माणसं उठून जातात. गाणं उठून जात नाही.'

तिथून ती घरी गेली नाही, छापखान्यात गेली.

छापखान्याचा फोरमन तिला वर्षानुवर्षे ओळखत होता. पान जुळवून, आवळून तयार होते. "आता कसं काढणार बाई? चौकट मोकळी राहील." ती म्हणाली, मोकळी राहू देणार नाही. तिथेच उभ्याउभ्या तिने तबकडीतल्या बारा गाण्यांची यादी लिहून दिली. नुसती यादी, गाण्याचे नाव आणि क्रमांक. जुळाऱ्याने ती जुळवली. चित्र काढून टाकले. फोरमनने मजकुराची शिशाची अक्षरे सुटी करण्याआधी एक प्रूफ काढून तिच्या हातात दिले. "ठेवा. चांगलं लिहिलं होतंत."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी तिला बोलावून घेतले. एकोणीस वर्षांत ते तिच्यावर पहिल्यांदा चिडले.

"कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक वेळ येते, तेवढंच आहे हे. एका म्हाताऱ्याचं घर तुझ्या मजकुराशी जुळलं म्हणून कंपनीने जाहिराती थांबवायच्या?"

"दिव्याचं बटण, साहेब."

"काय?"

"काही नाही," टाचणी म्हणाली. सांगून पटण्यासारखे नव्हते. तिला स्वतःलाही ते मान्य करायचे नव्हते.

साहेबांनी पेन खाली ठेवले. माणूस वाईट नव्हता. "तुला भीती कसली वाटते? खुर्ची रिकामी लिहिलीस म्हणून तो मरेल? अगं, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे तो. तू काहीही लिहिलंस तरी खुर्ची कधीतरी रिकामी होणारच."

"म्हणूनच मी ते लिहायला नको होतं," ती म्हणाली.

यादी छापून आली. त्या आठवड्यात कूपने फारच थोडी आली.

साप्ताहिक बाजारात आल्यावर दोन दिवसांनी म्हातारे कार्यालयात आले. एकटे. जाहिरात विभागाबाहेरच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. टाचणीने त्यांना बघितले आणि ती दारातच उभी राहिली.

"माझं पान कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"जागा मिळाली नाही. शेवटच्या क्षणी..."

"तुम्ही दारात उभ्या आहात," ते म्हणाले. "आत काही लपवलेलं असलं की लोक असेच दारात उभे राहायचे. मीटर इथूनच वाचा म्हणायचे. मी काही न बोलता तिथूनच वाचायचो. पण आज मला आत येऊ द्या."

ती बाजूला झाली. चित्रकार आपण होऊन बाहेर गेला. टाचणीने खण उघडला आणि प्रूफ त्यांच्यापुढे ठेवले. मग खिडकीपाशी जाऊन उभी राहिली, कारण वाचताना त्यांचा चेहरा बघायचे धैर्य तिला नव्हते.

त्यांनी चष्मा बदलला. दोनदा वाचले.

"हा पेला चुकलाय," ते म्हणाले.

ती वळली.

"अर्धा पेला पाणी लिहिलंय तुम्ही. मी पेला तसा टाकून जाणार नाही. धुऊन पालथा घालीन. आम्हा दोघांना ते चालायचं नाही."

"तो काढते," ती म्हणाली. मग तिने विचारलेच. "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते. का नाही वाटणार?" त्यांनी प्रूफाची कड बोटाने सारखी केली. "लोक माझ्यावर चिडायचे. आकडा मोठा आला की म्हणायचे, तुम्ही येता म्हणून वीज जास्त जळते. एकीने तर दारच उघडलं नाही तीन महिने. मी तिला म्हटलं, बाई, मीटर वाचल्यामुळे वीज जळत नाही. ती जळलेलीच असते. मी फक्त वाचून दाखवतो."

त्यांनी प्रूफ तिच्याकडे सरकवले.

"छापा," ते म्हणाले. "अर्धवट निरोप वाईट. आणि एक घाला त्यात. मधल्या ओळीवर आता मी अडत नाही. परवा पहिल्यांदा सगळं गाणं म्हटलं, सकाळी, बूट घालताना. ते लिहा. हे वाचणारे माझ्यासारखे आणखी असतील, त्यांना बरं वाटेल."

तिने त्यांच्यासमोरच लिहिले. पेल्याची ओळ खोडली, तिथे नवी ओळ घातली. 'मधल्या ओळीवर आता कोणी अडत नाही.' त्यांनी वाचून बघितले आणि मान हलवली. मग टोपी घातली. जाताना म्हणाले, "मुलीला मी समजावतो. तिने खोली रंगवलीय, तिकडे जायचंच आहे मला. ती चांगली मुलगी आहे. तुम्ही तिचं मनावर घेऊ नका."

जाहिरात पुढच्या आठवड्यात त्याच पानावर आली. कूपने इतकी आली, की टपाल फोडायला दुसऱ्या विभागातून दोन माणसे मागवावी लागली. साहेबांनी टाचणीच्या पाठीवर थाप मारली. ती आभार मानायलाही विसरली.

अकरा दिवसांनी शिक्षिका आली. या वेळी तिने खुर्ची ओढली आणि बसली. हातात काही नव्हते.

"काल त्यांना न्यायचं होतं," ती म्हणाली. "मी साडेचारला येते म्हटलं होतं. जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकी उघडी. गाणं संपलं होतं, सुई आतल्या रेघेवर टक टक करत होती. दोन्ही खुर्च्या रिकाम्या. पेला धुतलेला." तिने ओठ ओले केले. "मला वाटलं, बाहेर गेलेत. मी हाका मारल्या. मग शेजारची बाई म्हणाली, अहो, ते तर गच्चीच्या जिन्यावर बसलेत. आमच्या मजल्यावरून वर जातो ना तो जिना, तिथे. मी चढून आले ती खालून, म्हणून मला दिसले नाहीत. पायरीवर बसले होते, भिंतीला डोकं टेकून. बूट घातलेले. दोन्ही नाड्या बांधलेल्या. पिशवी शेजारी."

टाचणीने टेबलाची कड धरली होती.

"मी तुम्हाला दोष द्यायला आले नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीही झालं असतं." पुढचे बोलावे की नाही, असा विचार केल्यासारखी शिक्षिका थांबली. "फक्त एक विचारायचं होतं. माझ्याबद्दलही काही लिहून ठेवलंय का तुम्ही?"

"नाही," टाचणी म्हणाली.

"नक्की?"

"नक्की."

शिक्षिका तिच्याकडे बघत राहिली. मग उठली, खुर्ची होती तिथे सरकवून ठेवली आणि गेली.

टाचणीने त्या दिवशी पत्र्याची पेटी घरी आणली. ताईच्या समोर, जेवणाच्या टेबलावर, तिने सगळी कार्डे पसरली. तीनशे बारा होती. शिक्षिकेचे कार्ड खरोखरच नव्हते. तिने दोनदा बघितले. पण म्हाताऱ्यांखेरीज बाकीचे तीनशे अकरा जण तिथे होते. पाय गमावलेला सुतार. रोज स्टेशनवर जाऊन कोणालाही न भेटता परत येणारी बाई. मुलगा बोलत नाही म्हणून दाराला कान लावून बसणारा बाप. तिने ही दुःखे हलक्या हाताने वाटली होती, कारण दुःखी माणूस तबकडी विकत घेतो. कोणत्या गावात, कोणत्या मजल्यावर ही माणसे तिने लिहिली तशी जगत होती, आणि आज कोणी कुठल्या पायरीवर बसले होते, हे तिला कधीच कळणार नव्हते.

"कोण आहेत ही सगळी?" ताईने विचारले.

टाचणीने ओठ हलवले. "माझीच माणसं."

"मग अशी उघड्यावर का टाकलीस?" ताई म्हणाली आणि कार्डे गोळा करायला लागली.

फाडायचा धीर टाचणीला झाला नाही. फाडल्याने कोणाचे काय होईल, कोणी सांगावे? महिनाभर ती कार्यालयातून आली, की दोघी बहिणी टेबलापाशी बसत. टाचणी एकेक कार्ड उचले, वाचे, आणि खाली रिकाम्या जागेत एक वाक्य लिही. 'सुताराला नवा पाय नीट बसला.' 'आज गाडीतून तिची मैत्रीण उतरली.' 'मुलाने दार उघडले.' काही कार्डांवर काय लिहावे सुचत नसे. मग ताई सुचवी. ताई एकदम साधे सुचवी: त्याला आज झोप लागली, असे लिही. तेही ती लिही.

सगळी झाल्यावर तिने साहेबांकडे बदली मागितली.

"लेबल विभागात?" साहेब म्हणाले. "तिथे नाव आणि मिनिटं लिहितात फक्त. तुझं डोकं तिथे गंजेल."

"गंजू दे," ती म्हणाली.

लेबल विभाग म्हणजे तळघरातली एक खोली. एक टेबल, एक रेकॉर्ड प्लेअर, एक स्टॉपवॉच. नव्या तबकडीची पहिली प्रत आली, की प्रत्येक गाणे लावायचे, पहिल्या सुराला बटण दाबायचे, शेवटचा सूर विरला की पुन्हा दाबायचे, आणि आकडा लिहायचा. तो गोल कागदावर छापला जाई आणि तबकडीच्या मध्यभागी चिकटवला जाई.

पहिल्याच आठवड्यात एका नव्या मुलीची तबकडी आली. आवाज कोवळा होता, श्वास मध्येच ऐकू येत होता. दुसऱ्या कडव्यापाशी टाचणीचे डोळे आपोआप मिटले. कुठेतरी एक व्हरांडा दिसायला लागला, ओल्या कपड्यांची दोरी, आणि दोरीखालून वाकून कोणीतरी पुढे येत होते. त्याचा चेहरा आता वर होणार होता.

तिने डोळे उघडले आणि स्टॉपवॉचच्या काट्याकडे बघितले. काटा फिरत होता. गाणे संपेपर्यंत तिने त्याच्यावरून नजर काढली नाही.

चार मिनिटे, दोन सेकंद. तिने आकडा लिहिला, नीट वाचता येईल असा, आणि पुढचे गाणे लावले.